गावाचा औषधखर्च मोजायचा कसा, आणि त्यातून तब्येत सुधारतेय का हे ओळखायचं कसं

ग्रामसभेत कुणी विचारलं, "आपल्या गावाचा औषधपाण्यावर वर्षाला किती पैसा जातो?" तर उत्तर अंदाजानंच येतं. कुणी पाच लाख म्हणतो, कुणी पन्नास. अंदाज चुकतो तो चुकतोच, पण खरी अडचण पुढं आहे. बरोबर आकडा सापडला तरी तो एकटा काही सांगत नाही. औषधांवर कमी खर्च करणारं गाव निरोगी असेलच असं नाही. बीपीची गोळी परवडत नाही म्हणून अर्धं गाव ती घेतच नसेल, तरीही खर्च कमीच दिसतो. जास्त खर्च करणारं गाव नीट उपचार घेत असेल, किंवा सलाईन आणि टॉनिकवर पैसे उडवत असेल. म्हणून रुपयांबरोबर आणखी दोन गोष्टी मोजाव्या लागतात: गोळ्या किती दिवस पोटात गेल्या, आणि त्यानं बीपी, शुगर खाली आली का.

खालची पद्धत सातारा जिल्ह्यातल्या दोन हजार वस्तीच्या, साधारण साडेचारशे घरांच्या गावासाठी आहे. चार माणसं (त्यात एक आशाताई हवीच), दंडाला लावायची दोन डिजिटल बीपी मशीन, एक वही, आणि दहा-बारा संध्याकाळी एवढ्यावर काम होतं. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, सुरुवातीपासून सोबत घ्या. औषधांची वर्गवारी त्यांच्याशिवाय करू नये.

घरं निवडताना

ग्रामपंचायतीतून नमुना आठची, म्हणजे कर आकारणीची यादी घ्या. एक ते सात आकड्यांच्या चिठ्ठ्या करून एक उचला. समजा चार निघाला, तर चौथं घर, मग अकरावं, मग अठरावं, असं दर सातवं घर. साडेचारशे घरांत चौसष्ट घरं मिळतात. यादीत मळ्यातली आणि वस्तीवरची घरं आहेत ना ते तपासा. गावठाणातली घरं दवाखान्याजवळ असतात, त्यांचा खर्च वेगळा असतो.

घर बंद असेल तर शेजारचं घेऊ नका. रात्री आठनंतर परत जा, रविवारी जा. दिवसा बंद असणारं घर बहुधा मजुरीला जाणाऱ्यांचं असतं, आणि त्यांचाच हिशेब सुटला तर सरासरी फसवी होते. दवाखान्याच्या रांगेतून किंवा मेडिकलच्या गिऱ्हाइकांतून घरं निवडणं तर साफ चूक. तिथं फक्त खर्च करणारेच भेटतात. न करणारे, म्हणजे ज्यांची जास्त काळजी करायला हवी ते, यादीबाहेर राहतात.

दोन फेऱ्या करा, एक ऑगस्टात आणि एक फेब्रुवारीत. नुसत्या पावसाळ्यात मोजलं तर ताप-जुलाबानं आकडा फुगतो.

घरातल्या प्रत्येक माणसाचं वय लिहाच. पाटण, जावळी, माण, खटाव भागातल्या अनेक घरांतली कर्ती माणसं मुंबईला असतात आणि गावात म्हातारी माणसं उरतात. अशा गावाचा खर्च कराडशेजारच्या गावापेक्षा जास्त दिसला, तर त्याचं कारण वय असू शकतं. तुलना करायचीच तर पंधराच्या आतले, पंधरा ते एकोणसाठ आणि साठीपुढचे, अशी गटागटानं करा. मुंबईचा आणखी एक परिणाम असा की मुलगा तिकडूनच तीन महिन्यांच्या गोळ्या पाठवतो. गावातल्या मेडिकलच्या विक्रीवरून हिशेब काढणाऱ्याला हा खर्च कधीच सापडत नाही. "बाहेरून कुणी औषध आणून दिलं का?" हा प्रश्न प्रत्येक घरी वेगळा विचारा.

खुंटीवरची पिशवी

"महिन्याला औषधाला किती लागतात?" असं विचारलं की लोक गोल आकडा सांगतात, आणि तो बहुतेक वेळा मोठ्या आजारपणाच्या आठवणीतला असतो. त्याऐवजी पिशवी मागा. प्रत्येक घरात औषधांची एक पिशवी खुंटीला असते, नाहीतर बिस्किटाच्या जुन्या डब्यात सगळं कोंबलेलं असतं. ती ओट्यावर ओता आणि एकेक पाकीट हातात घेऊन लिहा:

मूळ औषधाचं नाव आणि ताकद (उदाहरणार्थ अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम), पाकिटात किती गोळ्या, छापील किंमत, प्रत्यक्ष दिलेले पैसे, कुठून घेतलं, कुणी लिहून दिलं, रोज किती घ्यायची, शेवटचं पाकीट कधी आणलं आणि आज किती उरल्यात.

मूळ नाव बारीक असलं तरी पाकिटावर असतंच. ब्रँडचं नाव लिहून आणलं तर नंतर जुळवताना रात्र जाते, कारण तीच गोळी पाच घरांत पाच नावांनी असते.

हमखास होणाऱ्या चुका अशा. पाकिटाशी पाकीट ताडून पाहतात, पण एकात दहा गोळ्या असतात, दुसऱ्यात चौदा, तिसऱ्यात पंधरा. किंमत नेहमी एका गोळीची काढा. मेटफॉर्मिनची साधी गोळी आणि हळूहळू विरघळणारी गोळी एकच समजू नका. टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन एकाच गोळीत असेल तर ती जोडगोळी म्हणून वेगळ्या ओळीत लिहा. पाकीट कात्रीनं कापून चारच गोळ्या दिल्या असतील तर नाव आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर गेलेली असते. तिथं बिल मागा, बिल नसेल तर "नाव नाही" लिहा, अंदाजानं नाव घालू नका.

कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या असतील, सांधेदुखी किंवा दम्यासाठी म्हणून, तर तीही नोंदवा: "पुडी, नाव नाही, किती दिवसांपासून". अशा पुडीत स्टिरॉइड असण्याची शक्यता असते. चेहरा सुजलेला, गोल झालेला दिसला तर सीएचओंना त्याच दिवशी कळवा. घरच्यांना मात्र "ही बंद करा" असं सांगू नका. फार दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर माणूस कोसळतो. एकूणच, पाहणी करणाऱ्यानं कुणाचीही गोळी बंद करायची नाही की बदलायची नाही. फिटची, थायरॉईडची, रक्त पातळ करण्याची गोळी तर ब्रँड बदलतानाही डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

दवाखान्यात तपासणी, इंजेक्शन आणि दोन दिवसांच्या गोळ्या मिळून एकच रक्कम घेतात. तिचे तुकडे पाडण्याच्या भानगडीत पडू नका. "तपासणीसह औषध" असा वेगळा रकाना ठेवा. दवाखान्यात दाखल केलं होतं का, हे मागच्या वर्षभराचं विचारा. बाकी औषधांचं फक्त मागच्या तीस दिवसांचं. सरकारी सर्वेक्षणात किरकोळ आजारासाठी पंधरा दिवस विचारतात, पण बीपी-शुगरच्या गोळ्या लोक महिन्यातून एकदा आणतात. पंधरा दिवस धरले तर एका घरात अख्ख्या महिन्याचा खर्च येतो आणि शेजारच्या घरात शून्य. देशभरच्या लाख घरांत ते भागून निघतं, तुमच्या चौसष्ट घरांत नाही.

निघताना घरच्यांना सांगा, पुढचे तीन महिने रिकामी पाकिटं फेकू नका, याच पिशवीत टाका.

खर्चाचे ढीग

सगळ्या नोंदी सीएचओ किंवा वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ठेवून तीन ढीग करा.

पहिला, रोज आणि वर्षानुवर्षं घ्यायची औषधं: बीपी, शुगर, हृदयविकार, दम्याचा पंप, फिट, थायरॉईड, मानसिक आजार. दुसरा, थोड्या दिवसांची पण गरजेची: ओआरएस, झिंक, पॅरासिटामॉल, गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या, खरोखर लागलेलं अँटिबायोटिक. तिसरा, शंकेचा: अशक्तपणासाठी सलाईन, टॉनिक, सर्दीला दोनच दिवस घेतलेलं अँटिबायोटिक, चार-चार औषधं एकत्र असलेली खोकल्याची बाटली, प्रत्येक चिठ्ठीला शेपटासारखी चिकटलेली पित्ताची गोळी. एकत्र औषधांच्या बाबतीत केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ३४४, २०१८ मध्ये ३२८ आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्रणांवर बंदीचे आदेश काढले. जुनी बाटली पिशवीत सापडली तर यादीशी ताडून पाहा.

सलाईनबद्दल थोडं लांबवतो, कारण शंकेच्या ढिगात पैसा खाणारं मोठं खातं बहुधा हेच निघतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे फार तर १०० कॅलरी. ज्वारीच्या एका भाकरीत याहून कितीतरी जास्त असतात. मिठाच्या सलाईनमध्ये तेवढंही नाही, साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी. ज्याला तोंडानं पिता येत नाही, उलट्या थांबत नाहीत, बीपी पडलंय, त्याला ती बाटली जीवदान आहे. भांगलणीनंतर थकलेल्या बाईला ती महागडं साखरपाणी आहे. "सलाईन लावल्यावर बरं वाटलं" हे खरं असतं, कारण तासभर ती आडवी पडलेली असते.

आता पहिल्या ढिगातल्या प्रत्येक औषधाचे दोन तुकडे करा: औषधाची किंमत आणि ब्रँडची किंमत. त्यासाठी तेच मूळ औषध, त्याच ताकदीचं, जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेतलं, बिनब्रँडच्या स्वस्त औषधांचं दुकान) किती रुपयांना मिळतं ते 'जनऔषधी सुगम' अॅपवर पाहा. हिशेबापुरते आकडे घेऊ: एक गोळी साडेसात रुपयांना घेतली आणि जनऔषधीत ती दीड रुपयाला आहे. महिन्याच्या २२५ रुपयांत औषध ४५ रुपयांचं झालं, बाकीचे १८० ब्रँडचे.

इथं लोक म्हणतात, किमती तर सरकार ठरवतं ना? काही औषधांच्या ठरवतं. राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतल्या (२०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत) औषधांची कमाल किंमत २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ठरते. पण ती उत्पादनखर्चावरून ठरत नाही. बाजारात एक टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढतात आणि त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवतात. महाग ब्रँडचीच सरासरी असेल तर मर्यादाही महागच लागते. म्हणून मर्यादेच्या आत असूनही एखादी गोळी पाचपट दरानं विकली जाऊ शकते, आणि त्यात बेकायदा काही नाही. कमाल किंमत 'फार्मा सही दाम' अॅपवर दिसते. "वीस टक्के सूट" या पाटीलाही भुलू नका. छापील किंमतच फुगवलेली असली तर सूट देऊनही दुकानदाराचं भागतं. एका गोळीला खिशातून किती गेले, एवढंच पाहा.

तब्येत मोजताना काय मोजू नये

मृत्यूदर, आयुर्मान हे आकडे गावपातळीवर घेऊ नका. दोन हजार वस्तीत वर्षाला पंचवीस-तीस बाळं जन्मतात. एक बाळ दगावलं की दर हजारी चाळीसच्या घरात जातो, पुढच्या वर्षी शून्य होतो. यातून "आरोग्य सुधारलं" म्हणणं म्हणजे नाणं उडवून निकाल सांगणं. देशांच्या तुलनेत ते आकडे चालतात. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्के आरोग्यावर घालते, जपान सुमारे ११, आणि तरी जपानी माणूस सरासरी पाच-सहा वर्षं जास्त जगतो. पैसा ओतला म्हणजे आयुष्य तेवढंच वाढतं असं नाही, हे त्यातून कळतं. गावात त्यासाठी वेगळी मापं लागतात.

सगळ्यात विश्वासाचं माप म्हणजे बीपी. साताऱ्यात त्याला आधारही आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग यांच्यासोबत सातारा होता. त्या कामाचा गाभा अगदी साधा: सगळ्या दवाखान्यांत एकच ठरलेला उपचारक्रम (अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशा स्वस्त गोळ्या), महिनाभराच्या गोळ्या एकदम, आणि प्रत्येक रुग्णाच्या नावाचं उपचारकार्ड. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. महाग औषध त्यात एकही नव्हतं.

बीपीसाठी चौसष्ट घरांचा नमुना पुरत नाही. नमुन्यात तीसेक रुग्ण येतील आणि तेवढ्यावर दहा-पंधरा टक्क्यांचा फरक हा नुसता योगायोगही असू शकतो. म्हणून गावातली अख्खी यादी घ्या. उपकेंद्राच्या नोंदीत खासगीकडे जाणारे रुग्ण आशाताईंकडून भरून घ्या. मग अपेक्षित आकडा काढा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) पंधरा वर्षांपुढच्या २१ टक्के बायकांना आणि २४ टक्के पुरुषांना उच्च रक्तदाब आढळला. दोन हजारांत पंधरापुढचे सुमारे दीड हजार धरले तर गावात ३३० च्या आसपास रुग्ण असायला हवेत. यादीत दीडशे असतील तर उरलेल्यांपैकी अनेकांना स्वतःलाच ठाऊक नाही.

मोजताना माणूस पाच मिनिटं पाठ टेकून बसलेला हवा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीत, दंडावर शर्टाची बाही नको. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको, मिश्रीसुद्धा नको. बायका मिश्री ही तंबाखूत धरतच नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारा. बोलत असताना मोजू नका. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच जास्त येतो. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा आणि सरासरी लिहा. वरचा आकडा १४० च्या खाली आणि खालचा ९० च्या खाली, दोन्ही असले तरच नियंत्रणात. गेल्या तीन महिन्यांत ज्याचं बीपी मोजलंच नाही तो नियंत्रणात नाही, असंच धरायचं. दवाखान्यात येणाऱ्यांचीच टक्केवारी काढली की आकडा नेहमी गोड येतो.

शुगर, गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन, क्षयरुग्णांपैकी किती जणांनी पूर्ण औषध घेतलं, आणि जुलाब झालेल्या किती मुलांना ओआरएससोबत चौदा दिवस झिंक मिळालं, ही बाकीची मापं. त्यांची नोंद उपकेंद्रात असतेच. झिंक सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याआधी १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले की आई ते बंद करते, म्हणून दिवस मोजून विचारा.

रुपये आणि गोळ्या जुळवणं

नमुना हिशेब असा. चौसष्ट घरांचा तीस दिवसांचा खर्च ४१,६०० रुपये निघाला. सरासरी ६५० रुपये. पण त्यात एका घरात कर्करोगाचा रुग्ण आहे आणि तिथले एकट्याचे १८,००० आहेत. ते घर वेगळं लिहा. उरलेल्या ६३ घरांची सरासरी ३७५ रुपयांच्या आसपास येते. साडेचारशे घरांना गुणायचं ते याच आकड्यानं: महिन्याला १,६८,७५० आणि वर्षाला सव्वावीस लाख. कर्करोग, डायलिसिस असे खर्च वेगळ्या ओळीत दाखवा, लपवू नका. मधलं घरही सांगा. सगळी घरं चढत्या क्रमानं मांडून बत्तिसावं-तेहतिसावं घर किती खर्च करतं ते पाहिलं की गावाला आपला आकडा ओळखीचा वाटतो.

मग गोळ्यांचे दिवस. रिकाम्या पाकिटांवरून तीन महिन्यांत किती गोळ्या घेतल्या ते मोजा आणि किती घ्यायला हव्या होत्या त्यानं भागा. रोज एक गोळी, ९० हव्या होत्या, ६० च गेल्या, तर ६७ टक्के. ८० टक्क्यांच्या वर असेल तर नियमित समजा.

आता खरा आकडा: बीपी नियंत्रणात आलेल्या एका माणसामागे किती रुपये पडले. समजा यादीत दीडशे रुग्ण आहेत, त्यांचा मिळून महिन्याचा खर्च २७,०००. डोक्यामागे १८० रुपये, फार वाटत नाही. पण नियंत्रणात फक्त साठजण असतील तर यशस्वी एका माणसामागे ४५० रुपये पडले. उरलेल्या नव्वद जणांचे पैसे वाया गेले असं सरसकट म्हणता येत नाही, पण बहुतेकांचे पूर्ण लागू पडले नाहीत. आठवड्यातून तीन दिवस घेतलेली बीपीची गोळी ही विकत घेतलेली गोळी असते, उपचार नसतो.

हा आकडा दर सहा महिन्यांनी काढला की गावाचा पैसा तब्येतीत उतरतोय का ते दिसू लागतं. बाकी कुठलाही एक आकडा एवढं बोलत नाही.

गळती कुठं आहे ते शोधणं

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. मग लोक मेडिकलमधून का घेतात? दोन कारणं पिशवीच सांगते.

एक, फुकटची गोळी महाग पडते. प्राथमिक आरोग्य केंद्र बारा किलोमीटरवर असेल तर समजा जाण्या-येण्याचे साठ रुपये आणि बुडालेल्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचे दोनशे. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढं फुकट आहे, पण मजुरी कोण भरून देणार? २६० रुपयांची फुकट गोळी सोडून माणूस गावातच पन्नास-साठ रुपयांच्या चार दिवसांच्या गोळ्या घेतो आणि मग थांबतो. म्हणून प्रवास आणि मजुरी यांचा रकाना वहीत हवाच. यावर उतारा एकच, स्थिर झालेल्या रुग्णांना महिन्याच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात, ठरलेल्या वारी, संध्याकाळच्या वेळी मिळणं.

दुसरं, साठा संपणं. यामागं एक चक्र आहे आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पुढची मागणी गेल्या वर्षीच्या खपावरून करतात. गेल्या वर्षी चार महिने गोळ्याच नव्हत्या, म्हणून खप कमी. खप कमी म्हणून मागणी कमी, म्हणून यंदाही चार महिने गोळ्या नाहीत. कागदावर सगळं बरोबर, आणि रुग्ण मेडिकलच्या दारात. मागणी रुग्णसंख्येवरून करायला सांगा: नोंदलेले रुग्ण गुणिले रोजच्या गोळ्या गुणिले तीस. एकशे दहा रुग्ण, सरासरी रोज दीड गोळी, म्हणजे महिन्याला ४,९५०. पुरवठा यायला लागणारा वेळ धरून तीन महिन्यांचा साठा ठेवायचा तर १४,८५०. हातात असलेल्या गोळ्या यातून वजा करा. मुदत आधी संपणारा खोका आधी वापरा. हे गणित लेखी करून वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि रुग्ण कल्याण समितीला द्या. तोंडी तक्रारीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

गावानं मिळून घाऊक गोळ्या आणाव्यात आणि वाटाव्यात, ही सूचना ग्रामसभेत हमखास येते. तसं करू नका, परवान्याशिवाय औषध विकणं-साठवणं गुन्हा आहे. विकास सोसायटीला, म्हणजे गावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थेला, मात्र जनऔषधी केंद्र काढता येतं. २०२३ मध्ये केंद्रानं प्राथमिक कृषी पतसंस्थांना ती वाट मोकळी करून दिली. किमान १२० चौरस फूट जागा आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. फार्मासिस्टचा पगार निघेल एवढी विक्री होईल का, ते आधी तुमच्या वहीतल्या पहिल्या ढिगावरून पाहा. एकट्या लहान गावाला ते झेपणं कठीण, चार-पाच गावांच्या बाजारपेठेला जमू शकतं.

औषधाबाहेरचा रुपया

काही खर्च औषधांच्या रकान्यात नसतो, पण औषधखर्च कमी करतो. जुलाबाच्या औषधांचा आकडा एकाच आळीत जमलेला दिसला तर आधी नळ तपासा. पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे लाख लिटरच्या टाकीला अर्धा किलो. हे पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असेल तरच. उघड्या पोत्यातली जुनी पावडर नुसता चुना होऊन बसते. टाकल्यावर अर्धा तास थांबा आणि शेवटच्या घराच्या नळाला ऑर्थोटोलिडीनची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी तपासणी करा, टाकीजवळ नको. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळाला दिसायला हवं. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीच्या दहा हजारांच्या वार्षिक अबंधित निधीतून तपासणीचं साहित्य घेता येतं.

क्षयरोगाचंही तसंच. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं, तेही धान्य-डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला हजार रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी पाचशे होते) गावातल्या प्रत्येक क्षयरुग्णाच्या खात्यात येतात का, हे पाहणं कुठल्याही टॉनिकपेक्षा मोलाचं.

फळ्यावर मांडताना, आणि दुसऱ्या फेरीला

वहीत घराला क्रमांक द्या, नाव नको. क्रमांक आणि घर जुळवणारा कागद आशाताईंकडे बंद राहू द्या. ग्रामसभेत कुठल्याही डॉक्टरचं किंवा मेडिकलचं नाव घेऊ नका. घेतलंत की चर्चा आरोग्यावरून भावकीवर जाते आणि पुढच्या फेरीत पिशव्या उघडत नाहीत. फळ्यावर चारच ओळी पुरतात: घरामागे महिन्याचा खर्च, त्यातला शंकेचा ढीग, अपेक्षित ३३० पैकी किती जणांचं बीपी नियंत्रणात, आणि नियंत्रणातल्या एका माणसामागे रुपये.

वर्षभरानं बहुधा एक गोष्ट होते आणि तिनं लोक बिचकतात. शोध नीट घेतला तर रुग्णांची यादी दीडशेवरून दोनशेवीसवर जाते. स्वस्त गोळ्या मिळाल्या नाहीत तर बीपीचा एकूण खर्च वाढलेलाच दिसतो. दोनशेवीस जणांना १८० रुपयांनी ३९,६०० होतात आणि सभेत कुणीतरी म्हणतं, मोजायला लागलो आणि खर्च वाढला. नियंत्रणात साठचे एकशे बत्तीस झाले असतील तर एका माणसामागचा आकडा ४५० वरून ३०० वर आलेला असतो. तो फळ्यावर आधी लिहा, एकूण खर्च त्याच्याखाली. गोळ्या उपकेंद्रातून किंवा जनऔषधीतून मिळून डोक्यामागचा खर्च १८० वरून ७० वर आला, तर तोच आकडा ११७ होतो.

दुसऱ्या फेरीला तीच चौसष्ट घरं घ्या, नवीन चिठ्ठी काढू नका. नाहीतर बदल गावात झाला की नुसती घरं बदलली, ते कळणार नाही. मधल्या काळात कुणी वारलं, कुणी मुंबईला गेलं, तर त्या घरापुढं तसं लिहून ठेवा, घर वगळू नका.